मेज बदललें, तर खेळ तोच राहतो काय?

आमच्या शहरांतील एका जुन्या क्लबाच्या वार्षिक सभेपुढें गेल्या वर्षीं एक लहानसा ठराव आला होता. क्लबाच्या मागल्या बाजूच्या लांबट दालनांत बिलियर्डचें एक भारी मेज कित्येक वर्षांपासून उभें आहे. त्याच्या रबराच्या कडा मेल्या आहेत, हिरवी बनात जागोजाग विरली आहे, आणि एका कोंपऱ्यांतील पॉकेटाचें तोंड झिजून सैल झालें आहे. हें मेज काढून टाकावें व त्या जागीं अमेरिकन पद्धतीचीं दोन लहान मेजें आणावीं, असा तो ठराव होता. इमारतीच्या गळक्या छपराचा विषय सभेनें दहा मिनिटांत आटोपला; या मेजावर मात्र दोन तास वाद चालला. वृद्ध सभासदांस मेज हलविणें म्हणजे घरांतील देव हलविण्यासारखें वाटलें. तरुण म्हणाले, मेलेल्या रबरावर खेळण्यापेक्षां न खेळणें बरें. तिसरा पक्ष मधल्या वाटेचा होता. मेज ठेवावें, पण दुरुस्तींत पॉकेटें थोडीं अरुंद करून घ्यावीं म्हणजे खेळास कस लागेल, असें त्याचें म्हणणें. शेवटीं ठराव तहकूब झाला, आणि आम्हांसह तिघांवर अभिप्राय लिहून देण्याचें काम पडलें.

अभिप्राय देण्यापूर्वीं या मेजाचा इतिहास चाळावा असें मनांत आलें, आणि चाळूं लागतांच ध्यानांत आलें कीं, आमच्या सभेंतील तिन्ही पक्ष दीडशें वर्षांपूर्वींच लंडनमध्यें भांडून गेले होते. इतकेंच नव्हे, तर अमेरिकेंतील एका सुप्रसिद्ध मेजाच्या नव्या रूपाविषयीं आज जीं मतें ऐकूं येतात, तींही त्याच वादाचीं नवीं रूपें आहेत. घरोघर कॅरम खेळणाऱ्या आमच्या वाचकांस हा वाद परका वाटूं नये. नव्या बोर्डावर सोंगटी हवी तशी धांवत नाहीं अशी तक्रार कोणीं ऐकली नाहीं? प्रश्न एवढाच कीं, ज्या वस्तूवर खेळ चालतो ती बदलली, तर खेळ तोच राहतो काय. आणि ती बदलण्याचा अधिकार कोणाचा?

बिलियर्डचें मेज मुळांत हिरवळीवरच्या खेळाचें घरांत आणलेलें रूप आहे, असें बहुतेक इतिहासकार मानतात. हिरवी बनात ही त्या गवताची आठवण होय. पंधराव्या शतकांत फ्रान्सच्या राजवाड्यांत असें मेज होतें. पुढील तीन शतकें मेजाचा तळ लांकडाचा असे. लांकूड म्हटलें कीं ऋतुमानाप्रमाणें तें वांकणार. पावसाळी हवेंत फुगणार, शेकोटीजवळ आटणार. कडांना आंतून कापडाच्या चिंध्या किंवा लोकर भरलेली असे, त्यामुळें कडेवर आपटलेला चेंडू जेमतेम परत येई. चेंडू मारण्यासाठीं आरंभीं जाड डोक्याची दांडी वापरीत. निमुळती काठी मागून आली, आणि तिच्या टोंकावर कातड्याची चकती बसविण्याचें श्रेय फ्रान्सच्या मँगो नांवाच्या एका सैनिकी अधिकाऱ्यास देतात. हा काळ १८०७ च्या सुमाराचा. त्या एका चकतीमुळें चेंडूस फिरकी देतां येऊं लागली. अर्ध्या इंचाच्या कातड्यानें खेळाचें निम्में शास्त्र जन्मास घातलें!

खरा पालट केला तो लंडनच्या जॉन थर्स्टन या कारागिरानें. १८२६ च्या सुमारास त्यानें लांकडी तळाच्या जागीं पाटीचा दगड बसविला. पाटी वांकत नाहीं, फुगत नाहीं, आणि घासून आरशासारखी सपाट करतां येते. आजही बारा फुटी मेजाखालीं सुमारें पावणेदोन इंच जाडीच्या पांच शिळा शेजारीं शेजारीं सांधलेल्या असतात; म्हणूनच असलें मेज टनाहून अधिक वजनाचें होतें आणि जिना चढवून नेतांना हमालांची परीक्षा पाहतें. १८३५ मध्यें थर्स्टननें कडांत रबर घातलें. आतां चेंडू कडेवरून उसळून परत येऊं लागला, आणि कडेचा हिशेब मांडून मारलेला फटका शक्य झाला. परंतु साधें रबर थंडींत दगडासारखें होई. मग हिंवाळ्यांत खेळापूर्वीं ऊन पाण्याचीं भांडीं कडांना लावून तें मऊ करावें लागे. गंधक मिसळून तापविलेलें रबर निघालें, तें या कामीं १८४५ च्या सुमारास आलें, आणि ही अडचण सरली.

या साऱ्या सुधारणांचा एक गुण लक्षांत घेण्यासारखा आहे. पाटीनें, रबरानें आणि चकतीनें खेळाडूच्या हातांत होतें नव्हतें तें अधिक खरें करून दिलें. चेंडू चुकला तर तो आपल्या हातानें चुकला, लांकडाच्या पोटांत आलेल्या फुगवट्यानें नव्हे, असें म्हणण्याची सोय झाली. ब्रायटनचा एडविन केंटफील्ड हा त्या काळचा अव्वल खेळाडू. तो थर्स्टनला सल्ला देई, आणि नवें मेज आधीं त्याच्या हाताखालीं तपासलें जाई. कारागीर व खेळाडू असे एकाच मेजावर वांकून काम करीत होते तोंवर तंटा उद्भवला नाहीं. तो उद्भवला, तेव्हां मेजाच्या द्रव्यावरून उद्भवला नाहीं, मापावरून उद्भवला.

१८७० सालची ही गोष्ट. इंग्लिश बिलियर्डांत लाल चेंडू पॉकेटांत घातला कीं तीन गुण मिळतात, आणि तो चेंडू मेजाच्या वरच्या टोंकाजवळच्या ठराविक ठिपक्यावर पुन्हा मांडला जातो. कांहीं चतुर खेळाडूंच्या ध्यानांत आलें कीं, आपला चेंडू नेमक्या जागीं थांबविला, तर तोच लाल चेंडू त्याच कोंपऱ्यांत पुन्हा पुन्हा घालतां येतो. यास ‘स्पॉट स्ट्रोक’ म्हणत. तीन, तीन, तीन असे गुण चढत जात. प्रतिस्पर्धी खुर्चीवर बसून राही, आणि प्रेक्षक जांभया देत. या कंटाळ्यावर उपाय म्हणून प्रमुख खेळाडूंनीं एक समिति भरविली आणि अजिंक्यपदासाठीं निराळें मेज ठरविलें. त्या वेळच्या नेहमींच्या मेजावर पॉकेटाचें तोंड साडेतीन इंचांहून किंचित् अधिक असे. नव्या मेजावर तें नेमकें तीन इंच केलें. लाल चेंडूचा ठिपकाही वरच्या कडेकडे थोडा सरकविला.

अर्ध्या इंचानें एवढें काय होणार, असें कोणास वाटेल. परंतु चेंडूचा व्यास दोन इंचांहून थोडा अधिक. जुन्या तोंडांत शिरतांना त्याला दोन्ही बाजू मिळून दीड इंचाची मोकळीक होती. नव्या तोंडांत ती एका इंचाच्याही आंत आली. म्हणजे तोंड सहाव्या हिश्शानें आटलें, पण चुकीची सवलत चाळीस टक्क्यांनीं घटली. माप डोळ्यांस लहान दिसतें आणि हातास मोठें लागतें, याचा हा चांगला दाखला.

११ फेब्रुवारी १८७० रोजीं लंडनच्या सेंट जेम्स हॉलमध्यें या नव्या मेजावर पहिला सामना झाला. एका बाजूस जॉन रॉबर्ट्स. केंटफील्डनें १८४९ मध्यें त्याचें आव्हान नाकारल्यापासून सुमारें वीस वर्षें अजिंक्यपद त्याच्याकडे होतें. दुसऱ्या बाजूस विल्यम कुक, वय विशीच्या घरांतलें आणि रॉबर्ट्सच्याच हाताखालीं तयार झालेला. कुकनें १२०० विरुद्ध १०८३ गुणांनीं गुरूस हरविलें. पण दोनच महिन्यांनीं रॉबर्ट्सचा मुलगा, धाकटा जॉन रॉबर्ट्स, यानें कुकला हरवून पद पुन्हा घरांत आणलें. घराण्याच्या मानापमानाची ही कथा रसाळ आहे. परंतु आमच्या विषयास तिच्यापेक्षां पुढला भाग महत्त्वाचा.

पुढें झालें असें कीं, अरुंद पॉकेटांमुळें स्पॉट स्ट्रोक खरोखरच आटला, पण त्याबरोबर बाकीचा खेळही आटला. ज्या फटक्यांवर टाळ्या पडत तेही फटके आतां कडेवर आपटून बाहेर येऊं लागले. खेळाडू सावध झाले, डाव लांबले, गुणसंख्या खालावली. तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकांस चमत्कार पाहावयाचा असतो. संयम पाहण्यास तो पैसे देत नाहीं. परिणामीं अजिंक्यपदाचे सामने विरळ होत गेले आणि रोजचे नांवाजलेले सामने जुन्याच मेजावर चालू राहिले. त्या मेजावर डब्ल्यू. जे. पील यानें १८९० मध्यें सलग ३३०४ गुणांची मजल मारली, आणि तींत स्पॉट स्ट्रोकांच्या माळाच माळा होत्या. ज्या रोगावर औषध काढलें तो रोग औषधाच्या खोलीबाहेर सुखानें वाढत होता!

१८८५ मध्यें इंग्लंडांत बिलियर्ड्स असोसिएशन स्थापन झालें. त्यानें १८९२ मध्यें मेजाचें एक प्रमाण ठरविलें आणि पॉकेटाचें तोंड पुन्हा रुंद केलें. पॉकेटाचा घाट तपासण्यासाठीं साचे करून दिले, म्हणजे प्रत्येक कारखानदारानें आपल्या मर्जीप्रमाणें तोंड कापूं नये. पुढें १८९८ मध्यें स्पॉट स्ट्रोकवर नियमानेंच बंधन आलें. तो लागोपाठ दोनदां केल्यावर लाल चेंडू त्या ठिपक्यावर न ठेवतां मेजाच्या मध्यावर ठेवावा, असें ठरलें. अठ्ठावीस वर्षांपूर्वीं मेज कापून जें साधलें नाहीं, तें एका ओळीच्या नियमानें साधलें.

हाच धडा पुढें दोनदां गिरवावा लागला. १९०७ मध्यें टॉम रीस यानें दोन चेंडू कोंपऱ्यांतील पॉकेटाच्या जबड्यांत अडकवून ठेवले आणि आपला चेंडू त्यांवर हलकेच आपटीत राहिला. जूनच्या आरंभीं सुरू झालेला हा एकच डाव जुलैंत थांबला तेव्हां त्याचे गुण ४,९९,१३५ झाले होते. पांच आठवडे एकच फटका! हा विक्रम अधिकृत धरला गेला नाहीं, आणि तो प्रकार नियमानें बंद करण्यांत आला. जबड्याचा घाट बदलण्याच्या भरीस कोणी पडलें नाहीं. तसेंच १९३२ च्या जानेवारींत ऑस्ट्रेलियाच्या वॉल्टर लिंड्रमनें लंडनमध्यें सलग ४१३७ गुण केले. त्याचे चेंडू कडेकडेनें इतके सुरेख सरकत कीं इतर खेळाडूंस मेजापाशीं येण्याचें कारणच उरेना. तेव्हांही ठराविक गुणांनंतर खेळाडूनें आपला चेंडू मेजाच्या खालच्या रेषेपलीकडे नेलाच पाहिजे, असा नियम झाला. मेज तसेंच राहिलें. बुद्धिबळाचा इतिहास हेंच सांगतो. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपांत वजिराची चाल पार बदलली, उंट लांबवर धांवूं लागला, आणि खेळ नवा झाला. पट मात्र चौसष्ट घरांचाच आहे.

मेजास हात न लावतां झालेली सर्वांत मोठी क्रांति तर आपल्याच देशांत झाली. १८७५ च्या पावसाळ्यांत जबलपूरच्या छावणींतील ब्रिटिश अधिकारी मेसमधील बिलियर्डच्या मेजावर पैज लावून निरनिराळे खेळ खेळत. नेव्हिल चेंबरलेन नांवाच्या एका तरुण अधिकाऱ्यानें त्या खेळांत आणखी रंगीत चेंडू मिसळले. (पुढें इंग्लंडचा पंतप्रधान झालेला तो हा नव्हे.) वुलिचच्या सैनिकी विद्यालयांत नवख्या विद्यार्थ्यास ‘स्नूकर’ म्हणत, सोपा चेंडू चुकलेल्या सोबत्यास त्यानें थट्टेनें तेंच नांव दिलें, आणि तें खेळालाच चिकटलें. पुढें निलगिरीवरील उटकमंडच्या क्लबांत या खेळाचे नियम लिहून लावण्यांत आले. चेंबरलेननें ही हकीकत १९३८ मध्यें इंग्लंडांतील एका नियतकालिकास पत्र लिहून स्वतः सांगितली, तोंवर स्नूकर इंग्लंडभर पसरला होता. १९२७ मध्यें त्याचें जागतिक अजिंक्यपदही सुरू झालें होतें. मेज तेंच, पाटी तीच, पॉकेटें तींच. चेंडू मात्र वाढले, आणि या नव्या खेळानें आपल्या जुन्या यजमानास घराबाहेर काढलें.

त्या जुन्या यजमानाची आठवण आम्हां महाराष्ट्रीयांस विशेष असावी. पुण्यांत १९२२ मध्यें जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनीं १९५८ मध्यें कलकत्त्यास हौशी बिलियर्डांतील जागतिक अजिंक्यपद मिळविलें. स्वतंत्र भारताच्या खेळाडूनें कोणत्याही खेळांत एकट्याच्या बळावर जिंकलेलें तें पहिलें जागतिक पद. १९६४ मध्यें त्यांनीं तें पुन्हा जिंकलें. मुंबईच्या मायकेल फरेरांनीं पुढें तीनदां तोच मान मिळविला, आणि पुण्यांतच जन्मलेल्या पंकज अडवाणींनीं बिलियर्ड व स्नूकर या दोन्हींत जागतिक पदें मिळविलीं. हे सारे पाटीच्या, बनातीच्या, साच्यानें मोजलेल्या पॉकेटांच्या मेजावर वाढले. जोन्सचा गुण आणि अडवाणींचा गुण शेजारीं मांडतां येतो तो याच कारणानें.

आतां अमेरिकेकडे वळूं. तेथें मेजाचा इतिहास निराळ्या वाटेनें गेला. त्या देशांत प्रमाण ठरविणारी संस्था मागाहून आली. कारखानदार आधीं आला. आयर्लंडांतून आलेला मायकेल फेलन हा स्वतः उत्तम खेळाडू, ग्रंथकार आणि मेजांचा कारखानदारही होता. कडांच्या घडणीचे कित्येक हक्क त्यानें नोंदवून घेतले. त्याच्याच व्यवसायानें १८६३ मध्यें हस्तिदंतास पर्याय शोधणारास दहा हजार डॉलरांचें बक्षीस जाहीर केलें, आणि त्या शोधांतून जॉन वेस्ली हायटच्या हातीं सेल्युलॉइड लागलें. बक्षिसासाठीं निघालेला मनुष्य जगास एक नवें द्रव्य देऊन गेला. आणि चेंडूसाठीं पडणारे हत्तींचे जीव पुढें पुष्कळ अंशीं वांचले.

दुसरा मोठा कारखानदार जॉन मोझेस ब्रन्स्विक. स्वित्झर्लंडांत जन्मलेल्या या सुतारानें सिनसिनाटी शहरांत गाड्या बांधतां बांधतां १८४५ मध्यें पहिलें बिलियर्डचें मेज केलें. पुढें बाल्के आणि फेलनचा जांवई कोलेंडर यांच्या पेढ्या त्याच्या पेढींत मिळाल्या, आणि मेजांच्या व्यापारांत तिच्या तोडीचें कोणी उरलें नाहीं. एकोणिसाव्या शतकांतील तिचीं मेजें कोरीव सिंहांनीं, जडावाच्या लांकडांनीं आणि फुगीर पायांनीं नटलेलीं असत. विसाव्या शतकांत नक्षी झडत गेली. आणि १९६१ मध्यें या पेढीनें ‘गोल्ड क्राउन’ नांवाचें मेज बाजारांत आणलें.

त्या मेजानें जुन्या थाटाशीं नातें तोडलें होतें. सरळ रेघा, जाड भारदस्त पाय, कोंपऱ्यांवर धातूचीं ओतीव टोपणें, बाजूस गुण मोजण्याचे फिरते आंकडे, आणि लांकडाच्या जागीं लांकडाचें सोंग घेतलेला चिवट कृत्रिम पत्रा. हें मेज दिवाणखान्यासाठीं नव्हतें; दिवसरात्र चालणाऱ्या खेळघरासाठीं होतें. सिगारेटच्या डागास, धक्क्यास, सांडलेल्या पेयास तें पुरून उरलें पाहिजे, हा हेतु. योगायोग असा कीं, ‘द हसलर’ हा पूल खेळाडूच्या आयुष्यावरचा चित्रपट त्याच वर्षीं निघाला, आणि ओस पडत चाललेल्या खेळघरांत पुन्हा गर्दी लोटली. त्या गर्दीला मिळालें तें हें मेज. पुढें कित्येक दशकें अमेरिकन तरुणाच्या डोळ्यांपुढें ‘खरें मेज’ म्हटलें कीं याचीच आकृति उभी राही. १९६१ मध्यें त्यास उग्र व रुक्ष म्हणणारे असतीलच. परंतु आज तेंच अभिजात ठरलें आहे, हा काळाचा विनोद लक्षांत ठेवावा.

या मेजाच्या एकामागून एक आवृत्त्या निघाल्या, आणि सहाव्या आवृत्तीपर्यंत मजल गेली. प्रत्येक खेपेस पायांचा घाट, टोपणांची घडण, फळ्यांचा रंग यांत पालट होत गेला, आणि प्रत्येक खेपेस मतांचा पाऊस पडला. त्या मतांची छाननी केली म्हणजे तीं तीन राशींत पडतात. पहिली रास रूपाची. नवें मेज कचेरींतल्या टेबलासारखें दिसतें, जुन्यांत जो रुबाब होता तो यांत नाहीं, असें कोणी म्हणतो. तर स्वच्छ रेघाच आजच्या घरास शोभतात, असें दुसरा म्हणतो. दुसरी रास मिस्त्रीची. मेज बसविणारा, सपाटी साधणारा, बनात ताणणारा जो कारागीर, तो रूपाकडे पाहतच नाहीं. स्क्रू कोठें आहे, कड काढून पुन्हा बसवितांना ती जागेवर येते कीं नाहीं, वीस वर्षांनीं सुटा भाग मिळेल कीं नाहीं, हें तो विचारतो. जुन्या आवृत्त्यांची कीर्ति टिकली ती बव्हंशीं याच राशीच्या जोरावर. साठ वर्षांपूर्वींचें मेज आजही नवी बनात, नवें रबर घालून पहिल्यासारखें खेळतें, याहून मोठी शिफारस कोणती?

तिसरी रास मापाची, आणि येथें १८७० सालचें लंडन पुन्हा आपल्यापुढें येऊन उभें राहतें. अमेरिकन पूलचा चेंडू सव्वादोन इंचांचा. पूर्वीं तेथील मेजांच्या कोंपऱ्यांतील पॉकेटाचें तोंड पांच इंचांच्या आसपास असे. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठीं पुढें जें प्रमाण ठरलें त्यांत तें साडेचार इंचांच्या घरांत आलें. साडेचार इंच म्हणजे बरोबर दोन चेंडूंची रुंदी. म्हणून खेळाडू तोंडांत दोन चेंडू शेजारीं धरून पॉकेटाची परीक्षा करतात. त्यांचा तोंडांत खेळ उरला तर मेज उदार, अडले तर कंजूष. आतां एक पक्ष म्हणतो कीं, आजच्या खेळाडूंचा नेम इतका पक्का झाला आहे कीं, जुन्या रुंद तोंडावर प्रतिस्पर्ध्यास पाळीच मिळत नाहीं. तोंडें आवळल्यावांचून श्रेष्ठ व कनिष्ठ वेगळे पडणार नाहींत. दुसरा पक्ष उत्तर देतो कीं, तोंड आवळलें म्हणजे खेळाडू धाडसी फटका सोडून लपवालपवीचा खेळ खेळतो. डाव लांबतो, सौंदर्य जातें, आणि हौशी मनुष्य तर मेजाकडे फिरकतच नाहीं. कुकच्या सामन्यानंतर लंडनकरांनीं जें अनुभवलें तेंच हें, शब्द तेवढे नवे.

या राशींत विक्रमांचाही प्रश्न येतो. विली मोस्कोनी या विख्यात खेळाडूनें १९५४ मध्यें ओहायोंतील एका गांवीं न चुकतां सलग ५२६ चेंडू पॉकेटांत घातले. पण तें मेज आठ फुटी होतें. सामन्यांचें नेहमींचें मेज नऊ फुटी. २०१९ मध्यें जॉन श्मिट यानें ६२६ चेंडूंची मजल गांठली ती नऊ फुटी मेजावर. दोघांत थोर कोण, हा वाद अमेरिकेंत रंगतो, आणि प्रत्येक वेळीं तो मेजाच्या लांबीवर व पॉकेटाच्या तोंडावर येऊन अडतो. माणसांची तुलना करूं जावें, आणि लांकडाची तुलना करीत बसावें लागावें! माप एकदां सुटलें म्हणजे असें होतें.

आमचें मत आतां सांगण्यास हरकत नाहीं. मेजांतील पालट तीन प्रकारचा असतो, आणि तिन्हींस एकच न्याय लावूं नये. द्रव्याचा पालट चेंडूची चाल अधिक खरी करीत असेल, तर तो नि:शंक स्वीकारावा. थर्स्टनच्या पाटीला विरोध करणारा आज कोठेंही सांपडणार नाहीं. रूपाचा पालट हा आवडीचा विषय. त्यांत कारखानदारास मोकळीक द्यावी, मात्र रूपासाठीं दुरुस्तीची सोय बळी देऊं नये, आणि आजचें अभिजात हें कालचें रुक्ष होतें याची आठवण दोन्ही पक्षांनीं ठेवावी. मापाचा पालट मात्र खेळाचाच पालट होय. तो कारखान्याच्या मर्जीनें किंवा एखाद्या क्लबाच्या उत्साहानें होऊं नये; खेळाडूंच्या संस्थेनें, साचा हातांत घेऊन, उघडपणें करावा, आणि जुने विक्रम जुन्या वहींत सुखानें राहूं द्यावे. एखादा फटका कंटाळवाणा झाला म्हणून मेज कापण्यापूर्वीं नियमाची एक ओळ लिहून पाहावी. ती चुकली तर पुढल्या सभेंत खोडतां येते. कापलेलें लांकूड सांधतां येत नाहीं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाहीं. १८७० च्या समितींत बसलेले लोक मूर्ख नव्हते. खेळाडूच होते, आणि खेळाच्या प्रेमानेंच त्यांनीं पॉकेटें आवळलीं. म्हणजे संस्थेनें केलेला पालटही फसतो. परंतु त्यांची चूक सुधारतां आली ती दोन कारणांनीं. त्यांनीं काय केलें हें सर्वांस ठाऊक होतें, आणि जुनीं मेजें कोणीं फोडून टाकलीं नव्हतीं. परतीची वाट उघडी होती, म्हणून तिनें परत येतां आलें.

हाच धागा धरून आम्हीं क्लबास अभिप्राय लिहून दिला. मेज ठेवावें, रबर व बनात नवी घालावी, झिजलेलें पॉकेट प्रमाणाच्या साच्यानें मोजून जुन्या मापावर आणावें, त्याहून एक सूतही अरुंद करूं नये. तरुणांचें म्हणणें रास्त आहे, म्हणून शेजारच्या पत्त्यांच्या खोलींत एक अमेरिकन मेज जरूर आणावें. समितींतील तिसऱ्या सभासदांस आमचें मत मान्य झालें नाहीं. त्यांनीं अरुंद पॉकेटांच्या बाजूनें आपली टीप वेगळी जोडली, तीही आम्हीं अभिप्रायासोबत पाठविली आहे. गेल्या आठवड्यांत दालनांत डोकावलों तेव्हां क्लबाचा वृद्ध मार्कर बनात काढून उघड्या पाटीवर पाण्याची नळी ठेवून सपाटी पाहत होता. इतक्या वर्षांत शिळा केसभरही हलल्या नाहींत, असें त्यानें सांगितलें. सभा पुढल्या महिन्यांत आहे.